कारणे दाखवा

नोटिशीत लिहिलंय: सात दिवसांत कारणे दाखवा.
जणू कारणं ताटलीखाली झाकून ठेवलेली असतात,
ताटली उचलली की झालं.

मी चौबाऱ्याजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर बसतो.
उदगीरचे लोक मला वकीलसाब म्हणतात. मी वकील नाही.
उशिराची कारणं लिहून देतो.
सत्तावीस वर्षांत पुष्कळ लिहिली.
सर्व्हर बंद. मुनीम पुण्याला गेला तो गेलाच.
वह्या भिजल्या, टँकर चालू होते त्या सालीसुद्धा भिजल्या.
एका दालमिलवाल्याची सासू माझ्या हातून दोनदा वारली.
तिसऱ्या साली ती स्वतःच आली,
पॅनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला.

आणि आता महानंदाबाई हल्लाळे.
नवरा मन्मथप्पा, वजनकाटे दुरुस्त करायचा.
अडतीतला निम्मा माल त्याच्या भरवशावर तोलला जायचा.
पोळ्याच्या आदल्या रात्री गेला.
शटर तेव्हापासून खाली.
काही विकलं नाही, काही घेतलं नाही.
पण काहीच विकलं नाही, हेही दर महिन्याला सांगावं लागतं.
नाही सांगितलं तर रोजचे वीस रुपये,
दहा दिल्लीचे, दहा मुंबईचे.

"गप बसल्याचा दंड म्हणा की," ती म्हणाली.

सांगायला ओटीपी लागतो.
ओटीपी मन्मथप्पाच्या नंबरवर जातो.
नंबरचा रिचार्ज संपला, आणि कंपनीनं तो
कमलनगरच्या एका पोराला दिला.
कमलनगर म्हणजे बसनं तासभर, पण राज्य दुसरं.
तिनं फोन लावला: बाळा, आत्ता सहा आकडे येतील, तेवढे सांग.
पोरानं फोन कट केला.
बरोबरच केलं त्यानं.
बँक, पोलीस, फोन लागायच्या आधी बोलणारी ती बाई,
सगळे हेच सांगतात, आकडे कुणाला देऊ नका.
अकराव्यांदा त्यानं कन्नडमधून शिवी दिली.
ती हिला कळली, माहेर भालकीचं.

मी खिडकीतून चौकाकडं बघत होतो.
देशात झेंडा लागला
त्यानंतर तेरा महिन्यांनी तो या चौकात लागला.
कुणी नोटीस काढली नाही,
रोजचे वीस लावले नाहीत.
हे मी लिहिणार होतो. चौकट लहान असते.

सहाव्या दिवशी ती सकाळच्या बसनं गेली.
पोरगा पंक्चरच्या दुकानात सापडला.
तिनं मृत्यूचा दाखला दाखवला, नोटीस दाखवली,
नवऱ्याचा फोटो काढला तेव्हा तो म्हणाला, राहू द्या अव्वा.
तिथून तिनं मला फोन लावला.
मी इथं बटण दाबलं.
तिकडं त्याच्या खिशात टिंग वाजलं.
तो वाचत गेला, ती माझ्यासाठी मराठी करत गेली:
एंटु, आठ. सोन्ने, शून्य. नाल्कु, चार.
मधेच कुणाची तरी ट्यूब फुटली
आणि पाचवा आकडा पुन्हा विचारावा लागला.

चौकटीत मी लिहिलं:
तांत्रिक अडचणीमुळे विलंब झाला. क्षमस्व.
महिन्याला पाचशेच्या वर दंड चढत नाही, तरी तीन हजार झाले.
तिनं पदराच्या गाठीतून काढून दोनदा मोजले.

"आकडा काय टाकला तुम्ही?"
शून्य, म्हणालो. सगळीकडं शून्यच.

"यांचं कामच ते," ती म्हणाली.
"काटा आला की आधी शून्यावर आणायचे.
माल तोलायला काय लागतंय, घडीभर.
शून्याला कधी कधी दिवस जायचा.
तेवढं लिहा की वकीलसाब."

पाठवून झालं होतं.
पोचपावतीची प्रत काढायला मी खाली गेलो,
झेरॉक्सवाला म्हणाला, लाइट गेली, बसा थोडं.